वाजला तरच अलार्म!

प्रोजेक्ट प्रदर्शनात एक प्रोजेक्ट दरवर्षी हमखास असतो. कार्डबोर्डचं एक छोटंसं घर, त्याच्या छताला एमक्यू-२ सेन्सर, बाजूला अर्डुइनो आणि एक बझर. परीक्षक आले की ग्रुपमधला एक जण अगरबत्ती पेटवतो, धूर सेन्सरजवळ नेतो, बझर ओरडतो, लाल एलईडी लागतो. परीक्षक मान डोलावतात, मार्क मिळतात. इथपर्यंत सगळं छान! पण त्याच ग्रुपला सहज विचारून पाहा. बाबांनो, तुम्ही ज्या हॉस्टेलमध्ये झोपता तिथल्या कॉरिडॉरच्या छताला काय लावलंय? ते चालू आहे का? शेवटचं कधी वाजवून पाहिलं? चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. आणि घरी, म्हणजे हिंगणघाटला, आर्वीला, देवळीला किंवा पुलगावला, आई-बाबा ज्या खोलीत झोपतात त्या खोलीबाहेर काय आहे, हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातच येत नाही.

"अबे, काही होत नाही बे!" हे आपलं ठरलेलं उत्तर. मराठीत एक जुनी म्हण आहे, 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'. आपण ती शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो आणि विसरलो. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की धूर ओळखणारं यंत्र छताला लावलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. ते वाजतं की नाही हे पाहत राहणं, आणि वाजल्यावर बाहेर पडता येणं, हे खरं काम आहे. ते काम एकट्या रेक्टर सरांचं, एजन्सीचं किंवा सरकारचं नाही. जो त्या छताखाली झोपतो, त्याचंही आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. पण माणसं बहुतेक वेळा ज्वाळांच्या आधी धुरानेच जातात. भंडारा आपल्यापासून काही फार लांब नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्या वेळी आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं की दहापैकी तीन बाळं भाजून गेली आणि सात धुरामुळे गुदमरून! हा आकडा आपण नीट वाचला पाहिजे. आगीची खबर कुठल्या यंत्राने दिली नाही, धूर दिसलेल्या परिचारिकेने दिली. आणि तोवर उशीर झालेला होता. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटची घोषणा झाली. तरीही त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला दिवसाढवळ्या आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण दगावले. ऑडिटचा कागद आग विझवत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

धुरात असतं काय? गादी, फोम, वायरचं आवरण, प्लॅस्टिक अर्धवट जळालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आधी सुस्तावतो, मग भोवंडतो, मग उठूच शकत नाही. "धुराचा वास आला की जाग येईलच ना!" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. २००४ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन आणि रॅचेल हर्झ या संशोधिकांनी झोपलेल्या माणसांना वेगवेगळे वास देऊन पाहिले. एक वास पुदिन्याचा, दुसरा पिरिडीन या उग्र रसायनाचा. गाढ झोपेत वासाने भरवशाने जाग येत नाही, असं त्यांना आढळलं. आवाजाने मात्र माणसं उठली. म्हणजे रात्री नाक झोपतं, कान जागे असतात. धुराचं रूपांतर आवाजात करणारं एखादं यंत्र हवं, ते याच कारणासाठी.

आता यंत्राकडे येऊ. स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर येगर १९३० च्या दशकाच्या शेवटी विषारी वायू ओळखणारा सेन्सर बनवत होते. वायूला त्यांचं उपकरण दाद देईना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि मीटरची सुई हलली! या अपयशी प्रयोगातून धूर ओळखण्याची वाट सापडली. बॅटरीवर चालणारं, घरात लावता येईल असं स्वस्त यंत्र मात्र १९६० च्या दशकात अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल यांच्या कंपनीत तयार झालं.

आज घरगुती अलार्म मुख्यतः दोन जातींचे मिळतात. पहिला आयनीकरणाचा. त्यात अमेरिशियम-२४१ चा अगदी सूक्ष्म कण असतो. तो हवेचं आयनीकरण करतो, त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये बारीकसा करंट वाहतो. धुराचे कण आत शिरले की करंट कमी होतो आणि अलार्म वाजतो. भडकन पेटणाऱ्या आगीतला बारीक धूर हा लवकर पकडतो. दुसरा फोटोइलेक्ट्रिक. त्यात एका अंधाऱ्या कप्प्यात एलईडी आणि फोटोडायोड एकमेकांना दिसणार नाहीत अशा कोनात बसवलेले असतात. धूर आत आला की प्रकाश विखुरतो आणि फोटोडायोडवर पडतो. हळूहळू धुमसणाऱ्या आगीचा जाड धूर हा आधी पकडतो.

मग आपल्यासाठी कोणता? आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो सांगेल की कापसाची आग लवकर दिसत नाही. गाठीच्या आत ठिणगी शिरली की ती आतल्या आत धुमसत राहते. वरून विझली असं वाटतं आणि गाठ फोडली की आत निखारा! आपल्या घरातल्या आणि हॉस्टेलमधल्या गाद्या याच कापसाच्या. रात्री पलंगाखाली ठेवलेली मच्छर अगरबत्ती, न विझवलेलं सिगारेटचं थोटूक, गादीवर चार्जिंगला लावलेला मोबाइल, या सगळ्यांतून आधी धुमसणारीच आग सुरू होते. म्हणून झोपायच्या खोलीसाठी फोटोइलेक्ट्रिक घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

कापूस धुमसतो आणि कोणी ओरडत नाही, तेव्हा काय होतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या, आणि सोबत सुमारे १४०० टन स्फोटकं! दुपारी साडेबाराच्या पुढे शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांना तिथून धूर येताना दिसला होता. प्रत्येकाने पाहिला आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. जेवणाची सुट्टी संपवून कामगार परतले तेव्हा, दोनच्या सुमारास, आरडाओरडा झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसं गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. मधला तो सव्वा-दीड तास वाया गेला नसता तर काय झालं असतं, हे आज सांगता येणार नाही. पण धूर बघूनही न बोलण्याची सवय ८० वर्षांत गेलेली नाही, एवढं नक्की सांगता येतं.

पुन्हा प्रोजेक्टच्या सेन्सरकडे वळतो, कारण "आपण स्वतःच बनवू ना अलार्म, विकत काहून घ्यायचा?" असं विचारणारे मित्र भेटतात. उत्साहाचं कौतुक आहे. पण जरा गणित करू. एमक्यू-२ हा मुळात गॅस सेन्सर. त्यातला हीटर सतत तापत ठेवावा लागतो आणि तो साधारण १५० मिलिअँपिअर खातो. ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीची क्षमता ५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास. म्हणजे तीन-साडेतीन तासांत बॅटरी झोपली! हीच बॅटरी वर्षभर पुरवायची तर सरासरी करंट ५७ मायक्रोअँपिअरच्या आत हवा. बाजारातला अलार्म हे साधतो, कारण त्यातला एलईडी दर काही सेकंदांनी क्षणभरच लागतो. आपला प्रोजेक्ट शिकण्यासाठी उत्तम. जीव सोपवण्यासाठी मात्र प्रमाणित यंत्रच घ्या. किंमत एका बऱ्या बुटाच्या जोडीएवढी असते.

आता मुख्य मुद्दा, देखभाल. अमेरिकेत जवळपास सगळ्या घरांत अलार्म आहेत. तरी तिथल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या पाहणीनुसार घरातल्या आगीत मरणाऱ्या पाचांपैकी जवळजवळ तिघं अशा घरांतली असतात, जिथे अलार्म नव्हता किंवा असून चालू नव्हता. आणि न चालण्याचं मुख्य कारण काय? बॅटरी काढलेली, सुटलेली किंवा संपलेली! फोडणीच्या धुराने एकदा वाजला, कटकट झाली, कोणीतरी खुर्चीवर चढून बॅटरी काढली आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये नाहीतर भिंतीवरच्या घड्याळात घातली. माणसं सगळीकडे सारखीच!

म्हणून घरी अलार्म लावणार असाल तर या गोष्टी वहीत लिहून ठेवा.

१) प्रत्येक झोपायच्या खोलीत एक आणि खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक. दुमजली घर असेल तर प्रत्येक मजल्यावर. एवढं परवडत नसेल तर पॅसेजमधल्या एकापासून सुरुवात करा.

२) धूर वर जातो, म्हणून जागा छतावर किंवा भिंतीवर छतापासून एक फुटाच्या आत. छताच्या पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून किमान तीन फूट दूर, आणि कूलरचा झोत थेट येईल अशा ठिकाणी मुळीच नको. वाऱ्याने धूर तिथे पोचतच नाही. स्वयंपाकाच्या शेगडीपासून किमान दहा फूट अंतर ठेवा, म्हणजे रोज फोडणीला वाजणार नाही.

३) महिन्यातून एकदा 'टेस्ट'चं बटण दाबून वाजवून पाहा. पगाराचा दिवस, चतुर्थी, काहीही खूण धरा. पण दिवस ठरलेला असू द्या. खोलीची दारं बंद करून आतल्या झोपलेल्या माणसाला आवाज ऐकू येतो का, हेही एकदा तपासा. आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल तर त्यांच्या खोलीत वेगळा लावा.

४) मिनिटाला एखादी बारीक 'चिक्' ऐकू आली तर ती बॅटरी संपत आल्याची खूण. पाल नाही! बदलायच्या अलार्मला वर्षातून एकदा नवी बॅटरी घाला.

५) आपल्याकडे धूळ, कापसाचा फुफाटा आणि जाळी करणारे कोळी यांची कमी नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने बाहेरून साफ करा. घराला रंग देताना झाकाल तर संध्याकाळी झाकण काढायला विसरू नका, आणि अलार्मवर रंग तर कधीच मारू नका.

६) दहा वर्षांनी पूर्ण यंत्र बदला. बनवल्याची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. आयनीकरणाचा अलार्म कबाडीवाल्याला देऊ नका. अमेरिशियमचं अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षांचं आहे. तो विकणाऱ्या कंपनीकडेच परत गेला पाहिजे. या वस्तूंवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

वर्ध्याच्या उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा सांगावा लागेल. अनेक घरगुती अलार्मच्या माहितीपत्रकात वापराच्या तापमानाची कमाल मर्यादा ३८ ते ४५ अंश लिहिलेली असते. आपल्या मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या छताखाली तर विचारूच नका! तेव्हा घेताना माहितीपत्रक वाचा, मर्यादा जास्त असलेला निवडा आणि टिनाला थेट न चिकटवता भिंतीवर लावा.

अजून एक. धुराचा अलार्म गॅस ओळखत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. त्यासाठी वेगळा गॅस अलार्म लागतो आणि तो जमिनीच्या जवळ बसवतात. एक वर, एक खाली, हे डोक्यात पक्कं ठेवा. सिलिंडरची सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते, हेही घरी एकदा विचारा.

यावर काही सर म्हणतील आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, की हे लाकडी घरांच्या देशांचं खूळ आहे. आपली घरं विटा-सिमेंटची, खिडक्या उघड्या, अंगणात झोपणारी माणसं. खरंच, पूर्वी आपल्याला अलार्मची गरज कमी होती. पण आता अंगणात कोण झोपतं? एसीसाठी खिडक्या बंद झाल्या. कापसाच्या जोडीला फोमची गादी आली, जिन्याखाली इन्व्हर्टर आला, आणि हॉलमध्ये रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी आली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत अशाच घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन एका सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. भिंती विटांच्याच आहेत, आतला संसार बदललाय.

आता हॉस्टेलबद्दल. इथे कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, त्यांच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि तसं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं. जानेवारी आणि जुलै! म्हणजे आपली सेमिस्टर सुरू होण्याचेच दिवस. माझी सूचना अशी की ते प्रमाणपत्र ऑफिसच्या फाइलमध्ये न ठेवता मेसच्या नोटीस बोर्डावर लावावं, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर अलार्म वाजवून पाहावा. वॉचमनच्या खोलीतल्या पॅनेलवर 'फॉल्ट'चा पिवळा दिवा लागलेला असेल तर तो कुणाला कळवायचा, हे वॉचमन काकांना लिहून द्यावं. पॅनेलच्या आत बॅकअपच्या बॅटऱ्या असतात, त्यांचं वय पाहावं. लाइट गेल्यावर मुकी होणारी यंत्रणा विदर्भात काय कामाची?

पण मित्रांनो, आपल्याही पदरात काही टाकायचं आहे. डिटेक्टरला पॉलिथिनची पिशवी बांधून, रबरबँड लावून खाली सिगारेट ओढणारे महाभाग कोण आहेत? कपाटात लपवलेली कॉइलची शेगडी कुणाची? रात्री एकला मॅगी हवीच असते हे मान्य. मग मॅगीसाठी एक सुरक्षित जागा मागू या ना, रेक्टर सर काही वाघ नाहीत. पिशवी बांधणाऱ्याला वाटतं की तो फक्त वॉर्डनला फसवतोय. प्रत्यक्षात तो त्या मजल्यावरच्या झोपलेल्या सगळ्यांचे कान बंद करतोय. त्यात फर्स्ट इयरची नुकतीच घरून आलेली पोरंही आहेत.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची मागणी स्टाफसाठी. अलार्म वाजला, पोरं उठली, जिना उतरली आणि चॅनेल गेटला कुलूप! मग त्या वाजण्याला अर्थ काय? रात्री गेट बंद ठेवण्यामागची काळजी आम्हाला कळते, विशेषतः मुलींच्या हॉस्टेलमध्ये. पण कुलूप असेल तर किल्ली गेटजवळच, जागा असलेल्या माणसाच्या हातात हवी. दुसरा जिना भंगार पलंग आणि जुन्या कूलरच्या सांगाड्यांनी भरलेला नको. प्रत्येक मजल्यावर दोन विद्यार्थ्यांची नावं ठरवा, जे अलार्म वाजल्यावर दारं ठोठावतील आणि खाली मैदानात हजेरी घेतील. याला एक रुपया लागत नाही. त्यासाठी कमिटी, टेंडर, मंजुरी काहीच नको.

येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईसाठी काय नेऊ असा विचार करत असाल, तर एक फोटोइलेक्ट्रिक अलार्म न्या. स्वतः स्टुलावर चढून बसवा, बटण दाबून दाखवा, आजी दचकेल, हसेल. तिला सांगा, हा वाजला की आधी बाहेर, मग फोन १०१ ला नाहीतर ११२ ला, आणि सामान घ्यायला कुणीही परत आत यायचं नाही. मग दर महिन्याला फोनवर "जेवलीस का?" विचारता तसंच विचारा, "वाजवून पाहिला का?"